शर्यतीआधीचं गाऱ्हाणं

पौष लागला की आमच्या किनाऱ्याची वाळू घट्ट होते. पावसाळ्यात समुद्राने ओढून नेलेली रेव दसऱ्यानंतर तोच हळूहळू परत आणून टाकतो, आणि पौषातल्या ओहोटीला ती अशी आवळून बसते की सायकल नेली तरी चाकाची नुसती रेघ उमटते. पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटतो. घरांवरून येताना तो काजूच्या मोहराचा वास घेतो, ओल्या सारवणाचा घेतो, कुणीतरी निखाऱ्यावर टाकलेल्या सुक्या बांगड्याचाही घेतो आणि ते सगळं समुद्रावर नेऊन सोडून देतो. कुर्ल्यांनी बिळांभोवती वळलेल्या वाळूच्या गोळ्या तेवढ्या मागे राहतात. लहानपणी त्या पायाने मोडत जायला मला फार आवडायचं.

आता वाळू घट्ट झालेली मला नको वाटते. कारण त्याच सुमारास तिठ्यावर तो फलक लागतो. निळ्या रंगावर पळणाऱ्या माणसाची काळी आकृती, खाली मंडळाच्या मुलांचे हात जोडलेले फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘गावासाठी धावूया’. गेल्या वर्षीची धाव डायलिसिसच्या रुग्णांना गोव्याला नेणाऱ्या गाडीसाठी होती. गाडी आली. यंदाची धाव तिच्या डिझेलसाठी. फलक दोरीने बांधणारा पोरगा शिडीवरून ओरडला, “काका, औंदा पन पळतलास मां?” मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याला कळलं नसावं. माझ्या मानेचा हा जुनाच गुण आहे.

मी कमी बोलतो. कचेरीत माझी ओळखच तशी आहे. घरात, नात्यात, गावात लोक ह्याला सभ्यपणा म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो. मी गप्प बसलो की समोरचा माणूस ती जागा स्वतःच्या शब्दांनी भरतो, आणि ते शब्द सहसा माझ्या सोयीचे असतात, हे मात्र मला फार लवकर कळलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

उमेश माझा धाकटा भाऊ. तो बोलतो. किल्ल्यावर पर्यटक नेणारी होडी हाकायचा तेव्हा त्याचा आवाज बंदरावरून आमच्या घरापर्यंत यायचा. आई म्हणायची, “ह्याच्या तोंडाक झाकान लावा रे कोन तरी!” मग त्याचे पाय सुजायला लागले. होडीच्या काठावर पाय ठेवला की चपलेच्या पट्ट्याचा ठसा तसाच राहायचा. आधी सगळे म्हणाले उन्हाने. मग डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं गेली. त्याच्या हातात डायलिसिससाठी शीर जोडून घेतली, जिला बोट लावलं तर आत मांजर घुरघुरतंय असं वाटतं. त्याची मुलगी चिमू तिला कान लावून ऐकायची. आणि आठवड्याचे काही दिवस पहाटे उठून इन्सुलीचा नाका ओलांडून पलीकडे गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, यंत्राला हात लावून पडायचं आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखं परत यायचं, हा त्याचा नेम झाला. पाणी पेलाभर, तेही दिवसभर पुरवायचं. समुद्राच्या माणसाला पाणी मोजून.

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावाचं चालेल. रक्तगट एकच आहे, बाकीच्या तपासण्या करून घ्या.

मी गेलो. एकटा गेलो, कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. श्रावणातले दिवस होते. खिडकीबाहेर पाऊस आणि आत फिनेलचा वास. लांबलचक मार्गिकेत लोखंडी बाकावर मी छत्री मांडीवर घेऊन बसलो होतो. छत्रीतून पाणी ठिबकत होतं आणि माझ्या पायाशी छोटं तळं झालं होतं. माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि संडासात गेलो. कडी लावली. बाहेर परत माझं नाव पुकारलं. नर्स कुणाला तरी म्हणाली, “आत्तापर्यंत तर हंयच होते.” मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. मग तिसरंच कुणाचं तरी नाव आलं. त्यानंतर मी बाहेर पडलो, जिना उतरलो आणि एसटीत बसलो.

मला भीती वाटली. नंतर मी बरीच कारणं जमवली: माझं वय, बायको, नोकरीची राहिलेली वर्षं, आईकडे बघायला कुणीतरी धडधाकट हवं. ती सगळी परतीच्या गाडीत सुचली. कडीवर हात होता तेव्हा नुसती भीती होती. अंगावर चाकू चालणार, मी झोपेत असणार आणि जागा झाल्यावर माझ्यातलं काहीतरी कमी असणार, बस. आणि हेही सांगून टाकतो की मध्ये गाडी थांबली तेव्हा मला भूक लागली होती. मी वडे खाल्ले. चवीने खाल्ले.

घरी पोचलो तेव्हा उमेशची बायको स्मिता घरापुढच्या खळ्यात उभी होती. मी चपला काढल्या. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “जुळला नाय मां, भावजी?”

मी काही बोललो नाही. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली.

“जावंदे. तुमी कित्याक वायट वाटून घेतास? तुमच्या हातात काय होता?” म्हणत ती आत गेली आणि आत जाऊन रडली. आईने येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. उमेश ओटीवर बसला होता, तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “अरे, पडलेला तोंड काय घेऊन बसलस? माझी किडनी गेली, तुझी नाय.” सगळे माझं सांत्वन करत होते. फक्त माझ्या बायकोने, शुभाने, पाणी देताना माझ्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा नव्हता, सुई टोचल्याची खूण नव्हती.  तिने माझी दुमडलेली बाही खाली ओढली आणि गुंडी लावली.

खोटं असं मी बोललो नव्हतो. कितीतरी महिने मी ह्याच एका वाक्यावर जगलो. पण त्या गप्प बसण्याने घरात काय काय थांबलं ते मला दिसत होतं. सख्ख्या भावाचं जुळलं नाही तर आणखी कुणाचं जुळणार, असं म्हणून आत्याच्या मुलाने विषय सोडला. स्मिताचा गट वेगळा, आईला साखर. यादीत नाव घालून सगळे वाट बघत बसले. माझ्या एका न बोललेल्या शब्दामागे रांगेने दारं बंद झाली, आणि ती बंद होताना मी ओटीवर बसून पेपर वाचत होतो.

म्हणून गेल्या वर्षी पौषात मंडळाची मुलं नावं घ्यायला आली तेव्हा मला पळ काढता आला नाही. उमेशनेच परस्पर सांगून टाकलं, “आमच्या घरातसून दादा पळतलो.”

“दादा?” आई म्हणाली. “तो बस चुकाक लागली तरी पळना नाय.”

“म्हनान तर. ह्या निमतान हलात जरा.”

किडनी नाकारलेला माणूस टी-शर्ट कसा नाकारणार?

ते दिवस. आज मागे वळून बघतो तेव्हा आयुष्यातला दुसरा कुठलाही मोसम मला इतका लख्ख आठवत नाही. डायलिसिसचा दिवस नसेल तेव्हा पहाटे उमेश मला उठवायला यायचा. शाल गुंडाळून तो ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर बसायचा आणि तिथून मला हुकूम सोडायचा. “पाय उचल, दादा! रेव खणू नको, विहीर काढूची नाय आसा!” मी सुरूच्या झाडांपासून खाडीच्या तोंडापर्यंत जायचो आणि परत यायचो. जाताना सूर्य डोंगराआड असायचा. येताना माझी लांबच लांब सावली पाण्यात पडायची आणि लाट ती ओढायला बघायची. तोंडात खारट लाळ यायची. माशांच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका थांबून बघायच्या. एक म्हणाली, “काय ओ, कचेरीतली फाइल पन येच्यापरास जोरात जाता!” उमेश इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

पळता पळता मला कधी नव्हे ते माझ्या पाठीचं भान आलं. बरगड्यांखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. एरवी माणसाला ती जागा कळतही नाही. धाप लागली, कळ आली की वाटायचं, आत आहेत, दोन आहेत, दोन्ही कामावर आहेत. आणि त्यांची घरघर ऐकू येईल एवढ्या अंतरावर माझा भाऊ बसलाय, शालीत हात लपवून. परत आलो की तो बाटली पुढे करायचा. मी घटाघटा प्यायचो. तो माझा गळा बघत राहायचा. पाणी खाली उतरताना गळ्याचं हाड कसं वरखाली होतं ते बघायचा. मी उरलेली बाटली परत दिली की ती गार बाटली तो स्वतःच्या गालाला लावून ठेवायचा, झाकण न काढता.

त्या वेळी बोलायला हवं होतं. समुद्र होता, आम्ही दोघं होतो, तिसरं कुणी नव्हतं. रोज पळताना ठरवायचो की आज परत आल्यावर सांगायचं, आणि परत आलो की धाप लागलेली असायची. धाप हे फार सोयीचं कारण आहे.

ह्याच वाळूत आम्ही दोघं रापण ओढायचो. रापणीचं जाळं होडीने समुद्रात लांब सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. रापणकर असो, वाटेने जाणारा असो, ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. कुणी किती ओढलं ते कुणी विचारत नाही. माझे हात लवकर भाजायचे. मी दोरावर नुसता हात ठेवून मागे मागे चालत राहायचो, ओढल्यासारखं करत. पुढे उमेश टाचा रोवून, दात खाऊन ओढत असायचा. घरी दोघांच्या पिशव्या सारख्याच भरून जायच्या. त्याने कधी आईला सांगितलं नाही. एकदाच म्हणाला होता, “दादा, तू दोर ओढतस काय दोराक धरून फिराक येतस?”

धावेच्या दिवशी सगळं घर किनाऱ्यावर. आईसाठी खुर्ची, उमेशसाठी खुर्ची. स्मिताने घरून स्टीलचं ताट आणि पळी आणलेली, वाजवायला. चिमूच्या हातात पुठ्ठा, त्यावर रंगीत खडूने ‘बाबल काका पुढे चला’. बाबल हे माझं घरातलं नाव, ते तिने गावासमोर फोडलं. शाळेची मुलं, पर्यटक, मासळी विकणाऱ्या बायका पदर खोचून, बँकेतले साहेब नव्या बुटांत. ध्वनिक्षेपकावर मंडळाचा एक मुलगा शुद्ध मराठीत ‘सर्व धावपटूंचं मनःपूर्वक स्वागत’ करत होता. शिट्टी होती, फीत होती. पण आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. घर बांधायचं असो, नाटक असो, होडी पाण्यात ढकलायची असो, आधी देवाला सांगायचं. सांगणारा एक, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा. म्हणजे ते म्हणणं सगळ्यांचं झालं.

गाऱ्हाणं गावातले वडीलधारे दाजी घालतात. पंचा खांद्यावर टाकून ते वाळूत अनवाणी उभे राहिले, समोर नारळ आणि पानाचा विडा. मुलाने त्यांच्या तोंडापुढे माइक धरला, तो त्यांनी हाताने बाजूला केला.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां एका बऱ्या कामासाठी हय जमली आसत, तेंच्या पायात बळ दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वाटेत काय आडमेळा इलो, तर तो दूर कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी ओळीत उभा होतो, डोळे मिटून.

“हो उमेश, तुझा लेकरू, दुखण्यान गांजलो आसा. तेच्या थोरल्या भावान तेका आपली किडनी देऊक केली, पन ती जुळाक नाय. तेची माया तू रुजू करून घे, आनी दुसरी खंयची तरी वाट दाखय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळा किनारा म्हणाला. बायका म्हणाल्या, शाळेची मुलं म्हणाली, खुर्चीत बसलेली माझी आई हात जोडून म्हणाली. आणि ते माझ्याही तोंडातून गेलं. आयुष्यभर गप्प राहून निभावलेला माणूस, नको ते दोन शब्द मोठ्याने बोलला. आजवर जे फक्त आमच्या ओटीवर होतं ते आता देवाच्या कानावर गेलं होतं, गावाच्या सहीशिक्क्याने.

शिट्टी वाजली. मी कसा धावलो ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी कुणाशी तरी सौदा करत होतो. खाडीपर्यंत थांबलो नाही तर ह्याला काही होऊ देऊ नकोस. पुढे पळणाऱ्या त्या मुलाला मागे टाकलं तर. पायाखालची शिंपली टोचली तरी पाय काढला नाही तर. खाडीला वळसा घालताना वाटलं, इथेच पडावं, छातीत काहीतरी तुटावं आणि सगळ्यांनी म्हणावं की भावासाठी गेला. हेसुद्धा सोयीचंच होतं. परत येताना ताटाचा आवाज ऐकू यायला लागला, आणि त्याच्या वर उमेशचा फाटलेला आवाज. तो खुर्चीतून उठून फितीपर्यंत आला होता, एका हाताने कडेला बांधलेल्या दोरीला धरून. “दादा! ओढ! ओढ रे दादा, ओढ!” रापणीत द्यायचा ती हाक.

फितीपलीकडे मी गुडघ्यांवर पडलो. सगळीकडे अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या लोळत होत्या, वाळू पाणी पीत होती. लोक बक्षिसांकडे गेले. उमेश मला सुरूच्या सावलीत घेऊन गेला. म्हणजे मी त्याला धरलं होतं की त्याने मला, ठाऊक नाही. त्याने बाटलीचं झाकण उघडलं.

“उमेश, मी ती तपासनी करूकच नाय.”

“खंयची?”

“गोव्याची. नाव पुकारल्यानी आनी मी संडासात जाऊन लपलंय.”

 त्याने बाटली माझ्या हातात दिली. “पानी पी आधी.”

मी प्यायलो. त्याने पाणी पूर्ण संपेपर्यंत वाट बघितली. मग खाली बघत, सुरूची वाळकी फळं पायाने बाजूला सारत तो म्हणाला, “आनी माका वाटत होता, माझा रगातच वायट. कोनाकच जुळना नाय.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी उद्याच जातंय,” मी म्हणालो.

“जा खंय तां जा. माका तुझा आता काय नको.”

गेलो. दुसऱ्याच आठवड्यात गेलो. ह्या खेपेला पहिल्या हाकेला उठलो. मार्गिका तीच, बाक तेच. फाल्गुन, चैत्र, पुन्हा पुन्हा गेलो, आणि जुळलं. सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं जुळणं नेहमी बघायला मिळत नाही.  मी ते घरी येऊन सांगितलं, सगळ्यांसमोर, श्रावणातल्या त्या दिवसासकट. आई आत निघून गेली. स्मिता उभी होती ती खाली बसली. उमेश म्हणाला, “बरा झाला. तुझ्याकडेच ठेव.”

तिथून पुढचं वर्ष माझ्या जिभेवर शिसं ओतल्यासारखं गेलं. आंबे आले, गेले. पाऊस आला. आई माझ्या ताटात वाढायची आणि पाठ फिरवायची. गाडीतून उमेशला न्यायला मी सोबत जायचो, तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचा. चतुर्थीला आरतीत आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो, टाळ वाजवत, आणि त्याने माझ्या बाजूचा हात खिशात घातला. घुरघुरणारा हात. चिमूला तो अजून ऐकू द्यायचा. त्याचं अंग आंबलेल्या पिठासारखं पांढरं पडत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय दमायला लागलंय, जितका उशीर कराल तितकं शस्त्रक्रियेचं कठीण. माझ्या पाठीत दोन तंदुरुस्त मूत्रपिंडं, आणि त्यातलं एकही त्याला देता येत नाही. देणगी नाकारली जाण्याचं दुःख सांगण्याचा मला हक्क नाही, हे कळतं. तरी सांगतो, कारण आता मी गप्प बसणार नाही असं ठरवलंय: झोपेतून उठलो की आधी मी कूस बदलून पाठीला हात लावायचो, आणि मला माझीच किळस यायची.

दिवाळीनंतर स्मिता आली. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याशी सरळ बोलणं केलं. “तुमच्यार राग काढूक माका येळ नाय, भावजी,” ती म्हणाली. “तो मी मागसून काढीन. आता कायव करा, पन तेंका तयार करा.”

“तो आयकना नाय.”

“म्हनतत, जुळाक नाय असा देवासमोर सांगून झाला, सगळ्या गावान व्हय म्हटला. आता मी ती किडनी घेतलंय तर सगळ्या गावाक खोटा पाडलंय असा होतला. मी कित्या पाडू?”

ते निमित्त होतं हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण आमच्याकडच्या माणसाचं निमित्तही असल्या जागी उभं असतं की त्याला वळसा घालून जाता येत नाही. मी दाजींकडे गेलो. ते खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी म्हटलं, यंदा गाऱ्हाणं घालताना तेवढं बदलून सांगा. चूक झाली म्हणा.

“कोनाची?”

“माझी.”

“मगे माझ्या तोंडान कित्याक?” त्यांनी सुपाऱ्या हाताने पसरल्या. “माका तसा तू सांगूक नाय होतंस, खरा मां?”

“नाय. मी काय बोलूकच नाय.”

“हां. तीच तुझी चूक. ती मी कशी बोलतलंय तुझ्यासाटी?” मग माझं तोंड बघून थोडे मऊ झाले. “वाक्या सोपी आसत. उभो रव आनी सांग. देव काय शाळामास्तर नाय.”

मी ते समुद्रावर पाठ करायचो. पुन्हा पौष आला होता, वाळू घट्ट झाली होती, मतलई सुटला होता. लोकांना वाटायचं मी धावेचा सराव करतोय. मी चालत होतो आणि लाटांना म्हणत होतो, बा देवा म्हाराजा. लाट यायची, फुटायची. व्हय म्हणायची नाही.

गेल्या रविवारी पुन्हा सगळे जमले. उमेश येणार नाही असं म्हणाला होता, पण चिमूने हट्ट धरला. तो खुर्चीत बसला, शाल, कानटोपी. ह्या वर्षी ताट नव्हतं, पुठ्ठा नव्हता. दाजींनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी बाजूला झाले. “हेका कायतरी सांगूचा आसा,” एवढंच म्हणाले. मी ओळीतून पुढे आलो. पायातले बूट काढले. वाळू गार होती.

“बा देवा म्हाराजा.”

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तरी बोलत राहिलो. गेल्या वर्षी तुला जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, म्हणालो. मी किडनी देऊ केली नव्हती. मी लपून बसलो. माझ्या भावाचं वर्ष मी खाल्लं. आता ती जुळलीय आणि तो घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पण तू त्याला ती घ्यायला लाव, म्हाराजा.

किनारा गप्प होता. गाऱ्हाण्यानंतर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अशा बोलण्याला व्हय म्हणायचं की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. बँकेतले साहेब बुटांकडे बघत होते. कुणीतरी खाकरलं. आईचा चेहरा पदराआड होता. व्हय आलं नाही तर ते बोलणं कुठेच पोचत नाही, तसंच हवेत राहतं. मी उभा होतो, आणि मला वाटलं, आता कडी लावायला दारही नाही.

“मोठ्यान बोल रे!”

खुर्चीतून आवाज आला. फाटका, घोगरा.

“आयकाक येना नाय हयसर. चोरासारखो काय पुटपुटतस? पयल्यापासना सांग.”

मी पहिल्यापासून सांगितलं. मोठ्याने सांगितलं. नाव पुकारलं ते, कडी ते, वडे खाल्ले तेही. सुरूच्या झाडांमधले कावळे उठले. मी जन्मात इतका ओरडलो नव्हतो. घशात रक्ताची चव आली. शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर मी त्याच्याकडे बघितलं.

 स्मिताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो एकटाच म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

त्याच्यामागून दाजी म्हणाले, मग बायका, मग सगळे.

शिट्टी वाजली, लोक धावायला लागले, माझ्या दोन्ही बाजूंनी पाय थाडथाड जात होते आणि मी तिथेच उभा होतो. “आता काय झाड झालस?” उमेश ओरडला. “डिझेलासाठी पळ तरी!” मी अनवाणीच धावलो. सगळ्यांत शेवटी आलो. मी परत आलो तेव्हा खुर्च्या गेल्या होत्या. तो दमला म्हणून त्याला घरी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. तो मागच्या बाकावर बसला, खिडकीशी. मी दार लावून शेजारी बसलो. काजूच्या बागांतून धुकं उतरत होतं. इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती, गाडी थांबली. तो बाहेर बघत होता.

“तुझे ते कागद खंय आसत?”

“कसले?”

“तपासनीचे.”

“स्मिताकडे.”

“बरा केलस. तुझ्याकडे नकोत.” पुढची गाडी हलली. “आज डॉक्टराक इचारूया, अजून जमता काय तां.”

अजून जमेल की नाही ते डॉक्टर पुढच्या आठवड्यात सांगणार आहेत. हृदयाच्या आणखी तपासण्या आहेत. मला काही ठाऊक नाही. वाळू अजून घट्ट आहे, ती फाल्गुनापर्यंत राहते. त्या दिवशी परतताना तो नेहमीसारखा झोपला होता, तोंड उघडं टाकून, आणि रस्त्याच्या एका वळणावर त्याचा हात घसरून माझ्या मांडीवर पडला. मी तो उचलला नाही. घरापर्यंत तो माझ्या मांडीवर घुरघुरत होता.